गुन्वोरमावशीने हुंगलेला हात

गुन्वोरमावशी मिठाच्या भट्टीवरची बाई. आमच्या खाडीवर समुद्राचं पाणी लोखंडी कढयांत आटवून मीठ काढतात, त्यामुळे भाजणं रोजचंच. नवरा गेल्यावर भट्टी तिनेच चालवली, आणि अख्ख्या किनाऱ्याचे भाजलेले हातही बांधले. मलम थोडं, बोलणं त्याहून थोडं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची, हुंगायचं आणि सांगायचं, "बरा होईल," नाहीतर "सडलाय." तिचं चुकलेलं मला आठवत नाही.

म्हातारा राजा मूलबाळ न होता वारला, पुतण्या हाल्वार गादीवर बसला. वर्षभरात उत्तरेकडून गुद्लेक नावाचा तरुण तीनशे माणसं घेऊन उतरला. म्हणे, मी राजाचाच मुलगा. सोबत साक्षीला त्याची आई, रान्वेग नावाची, मूळची इथलीच गवळण.

"राजा एक उन्हाळा इथे मुक्कामाला काय होता, हा तिसरा राजपुत्र," शेजारचा बोत्ल्फ भट्टीत लाकूड सारत म्हणाला. "आता आमची गाय व्याली तरी मी आधी वासराचं तोंड बघतो."

निवाडा जुन्या रिवाजाने ठरला. रान्वेगने तापलेलं लोखंड धरून नऊ पावलं चालायचं, हात बांधून पट्टीवर मोहोर उठवायची, तीन दिवसांनी उघडायचा. स्वच्छ निघाला तर मुलगा राजाचा. चिघळला तर आई खोटी, आणि गुद्लेकची माणसं आपापल्या घरी. हात बांधायला गुन्वोरमावशीला बोलावलं.

"पाद्रीबाबा, हिचा ओगमुंद हाल्वारच्या जहाजावर आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मग ज्याचं कुणीच कुठल्या जहाजावर नाही असं माणूस आणा," पाद्री म्हणाला.

असं माणूस अख्ख्या किनाऱ्यावर सापडेना.

ओगमुंद तिचा एकुलता एक. निवाडा काहीही लागला तरी हाल्वार गादी सोडणार नव्हता; हात चिघळला असता तरच लढाई टळली असती, तो घरी आला असता. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे आम्हा सगळ्यांना.

तिसऱ्या दिवशी चर्चच्या दारात मोहोर फोडली. मी मावशीच्या मदतीला पाण्याचं भांडं धरून उभी होते. तळहात लाल, कातडं सुटलेलं, कडेला ओलसर. पाद्रीने पाहिलं, दोन्हीकडच्या माणसांनी पाहिलं. कुणाला काही सांगता येईना. रान्वेग हाताकडे बघतच नव्हती, मावशीकडे बघत होती.

मावशी वाकली, हुंगलं. मग पुन्हा एकदा हुंगलं. तिला दुसऱ्यांदा हुंगताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

परतताना बोत्ल्फला राहवलं नाही. "मावशी, कड ओली होती की. सडलाय म्हणाली असतीस तर पाद्रीला काय कळणार होतं?"

"ओलं होतं ते भरत्या जखमेचं पाणी होतं," मावशी म्हणाली. "पू नव्हता."

शरद ऋतूत खाडीच्या मुखाशी लढाई झाली. हाल्वार बुडाला, गुद्लेक राजा झाला. पाचव्या दिवशी ओगमुंद चालत घरी आला, डावा हात झग्याखाली धरून. मावशीने ओटची पेज वाढली. तो उजव्या हाताने जेवला. मी मीठ न्यायला आले होते, पण दाराशीच थांबले.

"तो हात तू पाहिलास म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"वास होता?"

"नव्हता."

"जरासासुद्धा?"

"नाही, बाळा."

त्याने पेज संपवली. वाटी बाजूला सारली आणि डावा हात तिच्यापुढे ठेवला. चिंधी काळी पडली होती. मावशीने ती सोडली, वाकली, एकदाच हुंगलं.

"दोन बोटं जातील. आजच. नाहीतर मनगट जाईल."

ओगमुंदने पुन्हा विचारलं नाही. उठला आणि कोपऱ्यातली लहान कुऱ्हाड आणून तिच्या हातात दिली. मी चुलीवर पाणी ठेवलं.