हेस्टरने पाडलेली रास

आमच्या होलबेक खोऱ्यात हेस्टर बर्केटला माणसं भीत नसतील, पण दगड नक्की भीत. उन्हाळ्यात लंडनची मंडळी डोंगरावर यायची, वाटेवर खुणेसाठी हौसेने दगडांच्या राशी रचायची आणि हेस्टर मागून जाऊन एका लाथेत त्या उधळायची. "ज्याला वाट कळत नाही त्याने घरी बसून चहा प्यावा," म्हणायची. साठी उलटली तरी लाथेतला जोर काही ओसरला नव्हता. नवरा जॉस बाजूला उभा राहून हसायचा. दोघांनी जन्मभर हेच डोंगर तुडवले होते.

त्या जानेवारीत हेस्टरचा घोटा मुरगळला, म्हणून जॉस एकटाच थॉर्नी पाइक डोंगरावर गेला. जेवायला येतो म्हणाला होता. दुपार कलली, ढग खाली उतरून पार अंगणाच्या भिंतीला टेकला, शेगडीवरचा मटणाचा रस्सा आटला, तरी त्याचा पत्ता नाही. हेस्टरच्या दार-खिडकी अशा येरझाऱ्या चालू होत्या. तेवढ्यात शेजारचा मेंढपाळ टायसन आला.

"आला नाही अजून? येईल गं. वळणावर त्याची खूण आहे ना."

"कसली खूण?"

टायसनने जीभ चावली. "तुला सांगू नको म्हणाला होता. गेल्या वर्षापासून त्याला वाटा आठवत नाहीत. म्हणून उतरायच्या वळणावर छोटीशी रास रचलीय. वर पांढरा दगड. 'हेस्टरला कळलं तर पाडेल,' म्हणाला."

ती रास हेस्टरने ऑक्टोबरातच उडवली होती. पांढरा दगड तर लांब भिरकावला होता. आणि ते वळण चुकलं, की डोंगराची धार सरळ कड्यावर जाते.

"बचाव पथकाला फोन कर," म्हणत तिने बूट चढवले, चहाचा थर्मास आणि शिट्टी उचलली.

"अगं, तुझा पाय—"

"पाय गेला खड्ड्यात!"

वर चढताना चार पावलांपलीकडचं दिसेना. मेंढ्यांनी तुडवलेल्या चिखलात बूट रुतायचा, उपसताना घोट्यातून कळ जायची. तिने हाक मारली. ढगाने ती गिळली. तिला जॉसचा राग आला. मेंढपाळाला सांगतो आणि बायकोला नाही? मग तिला आठवलं, परवाच तो चहाचा डबा शोधत होता, तेव्हा तीच खेकसली होती, "डोकं बुटात विसरलास का?" असल्या बाईला कोण सांगेल? तिला स्वतःची लाज वाटली.

वळणावर दगड विखुरलेले होते, तिने टाकले तसेच. चिखलात जॉसच्या बुटांचे ठसे होते, शेजारी काठीची भोकं. ठसे वळले नव्हते. सरळ कड्याकडे गेले होते.

ती लंगडत त्यांच्यामागे निघाली. पुढे चिखल संपून खडक लागला आणि ठसेही संपले. "जॉस!" ती किंचाळली. खालून वर चढणारा वारा ऐकू येत होता, म्हणजे कडा जवळच होता.

कुणीतरी खोकलं.

जॉस एका खडकाला टेकून बसला होता. ओठ निळे पडलेले, मांडीवर पांढरा दगड.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला.

तिने आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला, थर्मासमधला चहा त्याच्या तोंडाला लावला. "इथे का थांबलास?" तिने विचारलं.

"हा सापडला. दगड आहे, पण रास नाही. म्हटलं, कुणीतरी पाडली. आणि आपल्या डोंगरात राशी कोण पाडतं, एवढं अजून आठवतं मला. वळण चुकलं हे कळलं, मग बसलो. म्हटलं, येईलच ती."

हेस्टर रडली. गावात कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ढगामुळे तेव्हाही जॉसशिवाय कुणी पाहिलं नाही.

त्याला धरून ती वळणापर्यंत आली. खालून पथकाच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या होत्या. तिने शिट्टीने उत्तर दिलं आणि चिखलात गुडघे टेकून दगड गोळा करायला लागली.

"आता हे काय? गारठलोय मी."

"गप. येतील ते. तो दगड दे इकडे."

त्याने दिला नाही. स्वतःच राशीवर ठेवला. "पुन्हा पाडशील?"

"हात तर लावू दे कुणाला," हेस्टर म्हणाली.