नदीचा तळ पायांनी पाहणारा

‘तो पुलाच्या ठेकेदाराला सामील होता; त्यानेच नदीचा तळ ओसाड दाखवला.’ ब्रह्मपुरीत आजही कोणी असे बोलले, की मी त्याला तिथेच थांबवतो. त्या पाहणीचा प्रमुख मी होतो, बोलणारे नव्हते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. वैनगंगेवर पूल व्हायचा होता. खांब रोवल्यावर तळाच्या शिंपल्यांचे काय होईल, हे सांगण्याआधी तिथे ते किती आहेत याची मोजदाद हवी होती. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे; काम माझ्याकडे आले. बुडी मारून गाळ डब्यात भरून आणायला काठावरचा एक ढीवर, म्हणजे मासेमार, ठेवला. साठीचा, काटकुळा, पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी नदीला हात जोडणारा.

पहिल्याच दिवशी मी छत्री उघडून काठावर बसलो, तसा तो हसला.

‘सर, नदी वरून नाई दिसत जी. पायानं पाहा लागते.’

‘तुम्ही पाहा. मी मोजतो.’

‘मोजा मंग. तुमचे पाय कोरडेच राह्यतीन.’

मी रागावलो नाही. खरे सांगायचे तर रागावलो होतो.

कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो टाचेने तळ चाचपडे आणि तिथूनच ओरडे, ‘इथी शिंपलेच शिंपले हायेत!’ डब्यातून मात्र नुसता गाळ वर येई. मला ती फुशारकी वाटे. डब्यात दिसले तेवढेच मी लिहिले: या तळाशी शिंपल्यांची वस्ती नाही. अहवाल मंजूर झाला, खांब उभे राहिले.

पुढच्या हिवाळ्यात तो भेटला, तेव्हा ठेकेदाराला सामील झाला म्हणून त्याच्यासोबत जाळे ओढायलाही वस्तीतले कोणी येत नव्हते. मी विचारले, ‘भाऊ, शिंपले होते, तर डब्यात का नाही आले?’

तो गोंधळून माझ्याकडेच पाहू लागला.

‘त्याईच्या पोटात पिल्लं होते जी. वर आणले तर मरतेत. मी खालीच सोडून देलो. तुम्ही तर गाळ मांगला होता!’

गाळच मागितला होता, हे खरे. पिल्ले पोटात असलेला जीव त्यांच्या वस्तीत कोणी पाण्याबाहेर काढत नाही. हे मी विचारले नाही आणि त्याला सांगावेसे वाटले नाही. मग चूक कोणाची? अहवालातली चूक कळवायला मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. की मीच ते स्वतःला सांभाळून लिहिले होते? कधी एक वाटते, कधी दुसरे. ज्याला विचारावे, तो आता राहिला नाही.

पण तो सामील नव्हता, याविषयी माझ्या मनात गोंधळ नाही. तुलनेसाठी आम्ही दोन कोस वरून, त्याच्याच गावच्या घाटावरूनही गाळ घेतला होता. तिथेही तो ‘शिंपले हायेत’ म्हणून ओरडला होता; आणि तिथे ना पूल येणार होता, ना ठेकेदार. त्या डब्यांतही एकसुद्धा शिंपला नव्हता.