बेकर्सफिल्डचा दुसरा वेंडेल स्टोक्स

बरबँकच्या स्टुडिओत चाळीस वर्षं मी लोकांच्या टकलांवर पावडर मारली. मेकअपच्या खुर्चीत माणूस न्हाव्याच्या खुर्चीपेक्षा जास्त बोलतो, कारण न्हाव्याकडे तो महिन्यातून एकदा जातो आणि आमच्याकडे रोज सकाळी सहाला, अर्धवट झोपेत. त्यामुळे कुणाचं लग्न कुठवर टिकणार, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. ते सगळं सांगत बसले तर निम्मं गाव माझ्याशी बोलणं टाकेल. म्हणून आज फक्त रसबद्दल सांगते. तो रागावला तरी त्याचा राग जेवणाच्या सुट्टीपलीकडे टिकत नाही.

रस व्हिटलीचं नाव कुणाच्या लक्षात राहायचं नाही, पण चेहरा सगळ्यांनी पाहिलेला. चौकोनी जबडा, जाड भुवया, आणि ‘साहेब, बाहेर कुणीतरी आलंय’ असं सांगायलाच जन्मलेला आवाज. टीव्हीवरच्या पहिल्या आठ वर्षांत तो अकरा वेळा मेला. त्यातले तीन मृत्यू पोहण्याच्या तलावात, आणि तिन्ही वेळा त्याला सर्दी झाली. उरलेल्या वेळात तो वेटर असायचा, नाहीतर शेरीफच्या मागे उभा असलेला दुसरा शेरीफ. मग गुरुवारच्या कोर्टाच्या मालिकेत त्याला बेलीफचं काम मिळालं. गणवेश, कमरेला पट्टा, न्यायाधीश आत आले की ‘सगळे उभे राहा!’ अशी आरोळी, आणि मग तासभर भिंतीशी ताठ उभं राहायचं. सहा वर्षं त्याने एवढंच केलं. त्याची बायको नॅडीन म्हणायची, “दुसऱ्यांना उठवायचे याला पैसे मिळतात. घरात सोफ्यावरून याला उठवायचं मला कुणी काही देत नाही.”

आता खरी गोष्ट. रस व्हिटली हे त्याचं नाव नव्हेच. नेब्रास्कातल्या कॉर्विन गावात तो जन्मला तो वेंडेल स्टोक्स म्हणून, कारण बापाचं नाव वेंडेल स्टोक्स. बापाचं खिळे-मोळे, बादल्या, कुदळींचं दुकान होतं. मुलगा झाला त्याच दिवशी म्हाताऱ्याने पाटीवर रंगवून घेतलं: ‘वेंडेल स्टोक्स आणि मुलगा’. बाविसाव्या वर्षी तो मुलगा बसमध्ये बसून आमच्या गावाला आला. पहिलं काम मिळाल्यावर तो नटांच्या युनियनमध्ये नाव नोंदवायला गेला. खिडकीत मिसेस पिंकस बसायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कुणाचीही गय न करणारी बाई.

“हे नाव गेलंय,” त्या म्हणाल्या.

“गेलं म्हणजे? माझंच आहे.”

“तुझ्या आधी दुसऱ्या एका वेंडेल स्टोक्सनं घेतलंय. एका नावाचे दोन नट चालत नाहीत. काम वाईट झालं तर लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या?”

“मग मी काय करू?”

“दुसरं नाव सांग. लवकर. मागे रांग आहे.”

बिचाऱ्याने मागे पाहिलं. मागच्या पोराला कुणीतरी ‘रस’ म्हणून हाक मारत होतं. खिडकीबाहेर रस्त्याची पाटी होती, ‘व्हिटली’. झालं बारसं.

त्या संध्याकाळी त्याने घरी फोन करून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पोरा, लाज वाटत असेल तर तसं सांग. खिळे विकणाऱ्याचं नाव तिथं शोभत नसेल.”

“बाबा, नियम आहे!”

“असं कुठं असतं? आपल्या गावात तीन रॉय आहेत, कुणी कुणाला नाव बदलायला लावलं नाही. ते असू दे. ज्या दिवशी टीव्हीच्या त्या डब्यावर माझं नाव येईल, त्या दिवशी डबा लावीन.”

आणि दिलेला शब्द म्हाताऱ्याने पाळला. चौदा वर्षं! मुलगा अकरा वेळा मेला, एकदाही पाहिलं नाही. पोराने युनियनचं पत्र पाठवलं, तर म्हणाला, कागद काय, कुणीही छापतो. सणाला रस घरी गेला की दोघं हवामानावर बोलायचे आणि रसची बहीण व्हर्ना मध्ये बसून वाटाणे सोलायची. रस खुर्चीत बसून मला हे सांगायचा तेव्हा डोळे मिटून घ्यायचा, आणि पावडर डोळ्यांत जाते म्हणून मिटले असं म्हणायचा. माझी पावडर कुणाच्या डोळ्यांत जात नाही. चाळीस वर्षांत गेली नाही.

तर हा दुसरा वेंडेल स्टोक्स कोण? रसने पत्ता काढला. बेकर्सफिल्डचा दाताचा डॉक्टर! तरुणपणी त्याने गादीची एक जाहिरात केली होती. गादीवर उडी मारायची आणि ‘आहा!’ म्हणायचं. नंतर सासऱ्याने त्याला दातांच्या कॉलेजात घातलं आणि अभिनय तिथेच संपला. पण हा पठ्ठ्या दरवर्षी युनियनची वर्गणी भरायचा, आणि त्याचं कार्ड दवाखान्यात पदवीच्या शेजारी चौकट करून टांगलेलं. पदवीपेक्षा थोडं वरच.

दरवर्षी उन्हाळ्यात रस डोंगर ओलांडून त्याच्याकडे जायचा. सोबत नॅडीनने केलेला पीचचा ‘पाय’, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. डॉक्टर पाय घ्यायचा, रसला खुर्चीत बसवायचा, फुकट दात घासून द्यायचा आणि नाव मात्र द्यायचा नाही.

“डॉक्टर, वर्षानुवर्षं तुम्हाला कुणी बोलावलं नाही.”

“अजून बोलावलेलं नाही. आ करा.”

“आआ... पण माझे वडील...”

“बोलू नका, हिरडीला लागेल. हे पाहा, उद्या एखाद्या दिग्दर्शकाला माझी ती ‘आहा’ आठवली, तर त्यानं मला शोधायचं कोणत्या नावानं?”

अख्ख्या बरबँकमध्ये रसचे दात सर्वांत चांगले होते ते यामुळे. लोकांना वाटायचं, नट्यांना भुलवायला घासतो. मीही दोघींना तसं सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू?

म्हातारा एकोणऐंशीचा झाला त्या वर्षी व्हर्नाचा फोन आला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ते ऑपरेशनला तयार नाहीत. “पुढच्या वर्षी डबा लावला तरी काय दिसणार त्यांना?” ती म्हणाली. रस थेट गाडी काढून बेकर्सफिल्डला गेला. या वेळी पायसुद्धा नेला नाही.

“डॉक्टर, काय दिलं तर नाव सोडाल?”

डॉक्टरने हातातला आरसा खाली ठेवला. कान लाल झाले. “एक वाक्य,” तो म्हणाला. “टीव्हीवर एक वाक्य बोलायचंय. मग राजीनामा देतो, नाव तुमचं.”

आमची निर्माती होती हॅरिएट लुबिन. तिला गळ घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिच्या केसांचा खरा रंग फक्त मला ठाऊक होता. पाच मिनिटांत डॉक्टरला ज्युरीच्या प्रमुखाचं काम मिळालं. वाक्य एकच: ‘न्यायाधीश महाराज, आम्ही आरोपीला निर्दोष ठरवतो.’

शूटिंगच्या दिवशी डॉक्टर नवा सूट घालून आला. मी त्याच्या कपाळाचा घाम टिपत होते आणि तो पुटपुटत होता, “निर्दोष, निर्दोष, निर्दोष.” पहिल्या टेकला तो उभा राहिला, हात खिशात, आणि नुसता आरोपीकडे पाहत राहिला.

“कट! काय झालं?” दिग्दर्शक ओरडला.

“त्यांची वरची डावी दाढ,” डॉक्टर म्हणाला. “आतून किडलीय. लगेच दाखवायला हवी.”

आरोपीचं काम करणारा नट नाव मिळवलेला होता. दुसऱ्या टेकला त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. आता डॉक्टरला आणखी काळजी. तिसऱ्या टेकला त्याने छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आम्ही आरोपीला दोषी ठरवतो!” वकिलाचं काम करणारी बाई टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. अकराव्या टेकला एकदाचं वाक्य आलं, पण कसं? औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं, एकेक शब्द सुटा, नजर छताकडे आणि हात अजून खिशात. जेवणाची वेळ टळून चालली होती. आमच्याकडे खून पडला तरी चालतो, जेवण लांबलेलं चालत नाही. “ठीक आहे, घ्या हेच,” दिग्दर्शक म्हणाला आणि बाहेर पळाला.

रस माझ्याजवळ येऊन बसला. “डॉटी, नाव मिळेल गं. पण त्या नावाची अब्रू काय राहिली?”

“तुझं कोण पाहतंय?” मी म्हटलं. “तुझ्या बापाचा डबा बंदच आहे.”

आम्हाला काय ठाऊक, व्हर्ना तिकडे काय करतेय! रसने तिला फोनवर सगळी गंमत सांगितली होती. तिने त्यातलं निम्मंच बापाला सांगितलं: “बाबा, गुरुवारी आठला पडद्यावर वेंडेल स्टोक्स असं नाव येणार आहे.” बाकीचं गिळलं. म्हाताऱ्याने दुकानात टीव्ही आणवला, काउंटरवर ठेवला आणि गावाला बोलावलं.

आमच्याकडे मालिका नऊला लागायची, नेब्रास्कात ती संपल्यावर दोन तासांनी. म्हणून त्या गुरुवारी रसने सगळ्यांना सातलाच जेवायला बोलावलं. डॉक्टर आणि त्याची बायको लोरेटा आले. डॉक्टरच्या खिशात सही केलेला राजीनामा होता, तो त्याने आल्याआल्या मला दाखवला. नॅडीन मिरची-घेवड्याचं कालवण वाढत होती, तेवढ्यात फोन वाजला. रसने उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला, कारण म्हातारा फोनवर ओरडूनच बोलायचा. आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“पोरा, नाव पाहिलं!”

रस पांढरा पडला. “बाबा? तुम्ही... बाबा, ते माझं नाव नव्हे, ते...”

“ते मला वाचता येतं! व्हर्ना भिंग घेऊन बसली होती. बेलीफ, रस व्हिटली. ज्युरीप्रमुख, वेंडेल स्टोक्स. तो खिशात हात घालून उभा होता तो कोण?”

“तोच तो. बेकर्सफिल्डचा.”

“म्हणजे खरंच आहे!”

“चौदा वर्षं तेच सांगतोय, बाबा.”

“सांगत होतास. पण तुमच्या गावात पाऊससुद्धा पाइपातून पाडतात. मला वाटलं, बापाचं नाव टाकायला पोरानं एक दात काढणारा रचून उभा केला. आज पाहिलं आणि पटलं. अरे, खोटा माणूस आणला असतास तर त्याला काम जमलं असतं! इतकं वाईट काम खऱ्या माणसाशिवाय कुणालाच जमणार नाही.”

टेबलापाशी डॉक्टरचा चमचा तोंडाशी थांबला. लोरेटा नॅपकिनमध्ये तोंड खुपसून हसत होती.

मग म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. इतका की रसने फोन कानाला लावला आणि आम्हाला ऐकू येईना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “हो बाबा,” तो म्हणाला. मग पुन्हा, “हो.” मग: “माझी आरोळी मागच्या गोदामापर्यंत ऐकू आली? खरंच?” मी गप्पिष्ट असले तरी काही गोष्टी कळतात मला. मी माझ्या ताटात पाहिलं.

थोड्या वेळाने रस वळला. डोळे लाल, तोंडभर हसू. “डॉक्टर, बाबांना तुमच्याशी बोलायचंय.”

डॉक्टर उठला, कोटाचं बटण लावलं, फोन घेतला. म्हातारा पुन्हा ओरडायला लागला होता.

“तुम्ही स्टोक्स?”

“होय, मिस्टर स्टोक्स.”

“मीही स्टोक्स. हे पाहा, नाव माझ्या बापानं ठेवलंय. पुढच्या वेळी खिशातून हात बाहेर काढा आणि समोरच्याकडे बघून बोला.”

“पुढच्या वेळी?” डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की माझ्या पावडरीनेही कधी कुणाचा उजळला नसेल. “पुढच्या वेळी नक्की!”

फोन ठेवून त्याने खिशातला राजीनामा काढला, नीट चार घड्या केल्या आणि परत आत ठेवला.

“डॉक्टर!” नॅडीन ओरडली. “तुम्ही शब्द दिलाय!”

“माफ करा वहिनी. पण नेब्रास्कातला माणूस मला पुढच्या वेळेचं सांगतो, आणि मी आता सोडू? आता तर कुठे मी...”

“ठेवा हो,” रस म्हणाला आणि कालवणाचं पातेलं पुढे ओढलं. “मला आता त्याचं काय करायचंय?”

डॉक्टरला पुढची वेळ काही आली नाही, पण वर्गणी तो अजून भरतो. म्हाताऱ्याने मात्र त्याच हिवाळ्यात मुकाट्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, आणि नंतर एकही गुरुवार चुकवला नाही. मालिका संपली की आमच्याकडे सातला फोन. आणि तो काय सांगायचा ठाऊक आहे? गोष्ट! ज्याने महिन्यापूर्वी तिथे ताठ उभं राहून ती सगळी ऐकली होती, त्यालाच तो कथा सांगायचा, खुनी कोण आणि वकिलीणबाईने कसं पकडलं. मी कित्येकदा तिथे असायचे. रस भिंतीला टेकून, डोळे मोठे करून ऐकायचा, मध्येच श्वास रोखायचा, आणि म्हणायचा, “अरे बापरे! मग काय झालं, बाबा?”

एवढं चांगलं काम त्याने पडद्यावर कधी केलं नाही. तसं मी त्याला सांगितलंही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रुसला होता.