कमानियाचा स्वस्त पाईप आणि मामांचं इन्स्पेक्शन

वाईट सवय सोडायची असेल तर तिच्याहून खानदानी सवय धरावी, हा शोध मला दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे घाला." दोन गेली, तीही कुरकुरत. पंचवीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळलेल्या नागपूरकराला यात काही विशेष वाटत नाही. बाईंना वाटलं. "तोंड आवळत चाललंय तुमचं. खर्रा आजपासून बंद. नाहीतर पुढं वरण चमच्यानं ओतावं लागेल, आणि त्याच्या पुढचं मी आज बोलत नाही," म्हणाल्या.

घरी येऊन बायकोला, सुनंदाला, शब्द दिला की खर्रा बंद. आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर पाईप ओढणाऱ्यांचे लेख वाचायला बसलो. पाईपवाला माणूस कसा विचारवंत दिसतो! खर्रेवाला फक्त थुंकायला जागा शोधत असतो. तंबाखू दोन्हीकडं तीच, हे सुनंदानं लगेच दाखवून दिलं, पण बायकांना बारकावे कळत नाहीत.

सगळे जाणकार एकच सांगतात, पहिला पाईप स्वस्तातला घ्या. आवड टिकते की नाही ते आधी बघा. नागपुरात एका पॉश दुकानात चौकशी केली, तर पाईपच्या किमतीत जुनी स्कूटर आली असती. मग आठवलं, जबलपूरला कमानिया गेटजवळ शिसवी पाईप मिळतात असं कुणीतरी बोललं होतं. आणि जबलपूरला आमचे मामा आहेत. जन्मभर तोफांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. त्यांच्या हातून पास झालेला माल म्हणजे काळजी मिटली. शिवाय राहणं-खाणं फुकट.

फोन केला. "मामा, शनिवारी येऊन राहिलो."

"काहून?"

"तुम्हाला भेटायला."

"अच्छा. आणि खरं काहून?"

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो, नागपूर ते जबलपूर पाच-साडेपाच तास लागतात, रस्ता झकास आहे, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. जंगलाच्या पट्ट्यात माकडं कठड्यावर रांगेनं बसलेली असतात, काच खाली करू नका. सिवनीला पोहे-जलेबीचा नाश्ता करा, दोघांचं शंभरात भागतं. मी एकटाच होतो, पण दोघांचं खाल्लं. जलेबीचे तुकडे करून खावे लागले, ते सोडा.

गाडीच्या कप्प्यात खर्ऱ्याची शेवटची पुडी होती. शब्द मोडला असं समजू नका, ती निरोप समारंभासाठी होती. तिलवाऱ्याला नर्मदेचा पूल लागला की पुडी पाण्यात सोडायची आणि नव्या माणसासारखं जबलपुरात शिरायचं, असा बेत होता. पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, उतरलो, हात जोडले. शेजारी एक म्हातारी नारळ घेऊन उभी होती. माझ्या हातातली पुडी बघून म्हणाली, "भैया, मैया में कचरा मत डालना." बरोबरच होतं तिचं. नर्मदेत घाण टाकायची म्हणजे पाप. मग करणार काय? खाऊन टाकली.

महाराजपुरातल्या मामांच्या घरी पोचलो तेव्हा मामी दारातच होती. "किती बारीक झाला रे! जेवत नाही का?" मी म्हटलं, "डायटिंग." मामा खुर्चीत बसून चष्म्यावरून बघत राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, शर्टाच्या खिशात अजूनही खडू आणि लहान टॉर्च. मी मोठ्या थाटात सांगितलं की खर्रा सोडला, आता पाईप घ्यायचाय आणि तो तुम्ही पास करून द्यायचा.

कामाचं नाव निघाल्याबरोबर मामांनी चपला घातल्या. "चलो."

कमानिया गेटला गाडी न्यायचा मूर्खपणा करू नका, ई-रिक्शानं जा. मामांनी रिक्शावाल्याला 'रोको' म्हटलं तेव्हा रिक्शा गर्दीतच उभी होती, तिला थांबायला काही करावं लागलं नाही. दुकान अरुंद होतं. काठ्या, हुक्क्याच्या नळ्या, पितळी अडकित्ते, आणि मागच्या फळीवर एका खोक्यात पाईप. किंमत साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत. मी लगेच एक वाकडा, काळाभोर, ऐटबाज पाईप उचलला. दातात धरून दुकानाच्या आरशात पाहिलं. अहाहा! नुसता विचारवंत!

"ठेव खाली," मामा म्हणाले.

नवशिक्यांनो, आता जे सांगतो ते नीट वाचा, मोबाईलवरच्या कुठल्याच लेखात नाही. मामांनी पहिल्यांदा टॉर्च लावून वाटीच्या तळात पाहिलं. धुराचं भोक तळाला, अगदी मधोमध निघायला हवं, वर निघालं तर खालची तंबाखू ओलीच राहते. मग देठातून तार घातली. तार अडकली की माल बाद. मग नखानं वार्निश खरवडलं, खाली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरलेली दिसली. तीही बाद, तापली की फुटते. शेवटी देठ आणि लाकडाच्या सांध्यातून उजेड दिसतो का ते बघितलं. माझा विचारवंत पहिल्याच तपासणीत पडला. पाठोपाठ आणखी सात पडले.

दुकानदार घामाघूम. "दादा, पाइप लेना है कि तोप पास करनी है?"

"तोप में इतनी गड़बड़ नहीं मिलती थी, बेटा," मामा म्हणाले.

नववा पाईप पास झाला. सरळ, बुटका, फिका, दिसायला अगदीच सालस. चारशे वीस रुपये. मामांनी दुकानदारानं दिलेल्या छोट्या खोक्यावर खडूनं बरोबरची खूण केली आणि माझ्याकडं पाहून पहिल्यांदा हसले. येताना गेटजवळ खोव्याची जलेबी घेतली. जबलपुरात येऊन ती न खाणं म्हणजे महापाप. काळसर, जाडजूड, गरम. मामांनी अख्खी तोंडात घातली. मी चिमटीनं तुकडे तोडून आत सरकवत होतो. पानात जवळपास सगळी उरली तेव्हा म्हटलं, पोट भरलं. मामा माझ्या हाताकडं बघत होते.

घरी आल्यावर ते आतून त्यांचं व्हर्नियर घेऊन आले. जाडी मोजायचं ते पोलादी माप हो, निरोपाच्या वेळी मिळालेल्या घड्याळाहून त्यांना ते जास्त प्रिय आहे. गरम पाण्यानं धुतलं, पुसलं.

"पाईप दातात धर. हं. आता काढ. तोंड उघड."

"तोंड काहून?"

"काहून म्हंजे? पार्ट पास झाला. आता ज्याच्यात बसणार तो पार्ट नको पाहायला? आमच्या इथं जोडीचा पार्ट पाहिल्याशिवाय सही नव्हती होत कधी. उघड."

उघडलं. पुरतं, जबडा दुखेपर्यंत. मामांनी वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

"सव्वीस मिलिमीटर. चाळीस पाहिजे, कमीत कमी पस्तीस." पाईप त्यांनी खोक्यात ठेवला. "पाईप पास. माणूस रिजेक्ट."

मी हसलो. ते हसले नाहीत, आणि मामी तर पदर तोंडाला लावून उभी होती.

"माझ्या बाजूच्या टेबलावर एक जण होता," मामा म्हणाले. "खर्रा नाही, गुटखा. बाविसावर आला होता. मीच मोजलं होतं, गंमत म्हणून. दोघं हसून राहिलो होतो." पुढचं ते बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनीही पुढचं बोलायचं टाळलं होतं, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र भीती वाटली. तिलवाऱ्याला खाल्लेल्या पुडीची जळजळ अजून गालात होती.

रविवारी भेडाघाट बघायचा होता. धुवांधार धबधबा, संगमरवर, नावेतली सैर, सगळं इतरांच्या ब्लॉगवर छान लिहिलेलं आहे, तिथं वाचा. मी दिवसभर मामांच्या ओसरीवर बसलो होतो. मामीचं एक जुनं, टोक मोडलेलं लाटणं मामांनी कानस आणि पॉलिश पेपरनं घासलं. एका टोकाला निमुळतं, पुढं पुढं जाड. त्यावर बारीक खाचा पाडल्या, सव्वीस, सत्तावीस, थेट पस्तीसपर्यंत. मामी म्हणाली, "या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा लाटण्याला हात लावला, तोही तुझ्यापायी."

"रोज दातात धरायचं, हळूहळू पुढं सरकवायचं," मामा म्हणाले. "पण आधी त्या डॉक्टरला विचार. मी लोखंडाचा डॉक्टर."

"आणि पाईप?"

पाईपच्या खोक्याला त्यांनी सुतळीनं चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर लिहिलं, 'होल्ड'. आणि खोकं कपाटात ठेवलं. "पस्तीस झाले की ये. घेऊन जा."

नागपूरला रिकाम्या हातानं परतलो म्हणता येणार नाही, लाटणं होतं. सुनंदा दारात म्हणाली, "पाईप कुठाय?" दाखवलं. सगळं ऐकून तिनं ते लाटणं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि डोळे पुसत आत गेली. डॉक्टरीणबाईंनी लाटण्याला परवानगी दिली, सोबत गोळ्याही दिल्या आणि आधीच का नाही आलात म्हणून झाडलंही.

तर वाचकहो, पहिला पाईप कुठला घ्यावा? सरळ, बुटका, चारशे वीसचा, कमानिया गेटजवळचा. उत्तम आहे. मी ओढलेला नाही. रोज सकाळी ओट्यावर बसून लाटणं दातात धरतो, लाळ गळते, समोरचे शेजारी नमस्कार करायचं टाळतात. अडीच महिने झाले. मधे एकदा, खोटं कशाला बोलू, कोपऱ्यावरच्या टपरीवर पाय थांबले होते. पुडी घेतली, उघडली आणि नालीत टाकली. तिथं मैया नव्हती.

दर रविवारी मामांना फोनवर आकडा सांगावा लागतो. गेल्या रविवारी लाटणं एकोणतिसाच्या खाचेपर्यंत गेलं. मी फुशारकीनं सांगितलं, "मामा, एकोणतीस!"

पलीकडं खडू घासल्याचा आवाज आला.

"हिशोब करून राहिलो," मामा म्हणाले. "तीन मिलिमीटरला अडीच महिने. अजून सहा बाकी." आणि मग, "बाबू, मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. जरा लवकर उघड न रे तोंड."

फोन ठेवला आणि लाटणं पुन्हा धुऊन आणलं.