शेपटीकडून वाचणारा माणूस

जगात दोन गोष्टी अगदी सारख्या असतात, असे प्रत्यक्ष ब्रह्मदेव सांगायला आला असता, तरी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनी त्याला "नीट बघा राव, फरक हाय," म्हणून परत पाठवले असते. चाकणच्या कारखान्यात तयार माल तपासायचे त्यांचे काम. हजार सारख्या बोल्टांतला एक वेगळा काढायचा. हे व्यसन घरीही सुटत नसे. मारीच्या बिस्किटांतही ते डावे-उजवे करत. पण खरा जीव सापांत. चऱ्होलीचे मूळ रहिवासी, आमच्या सोसायट्या उठल्या त्याच शेतांत वाढलेले. कुणाच्या पार्किंगमध्ये साप निघाला की यांनाच फोन. "साप तुमच्यात न्हाई आला, तुमी त्याच्यात आलाय," हे ऐकवूनच ते काठी उचलत.

बसमध्ये मोबाइलवर दोन फोटो दाखवून ते माझी परीक्षा घेत. दोन्हीत काळ्या अंगावर पांढरे पट्टे. एक बिनविषारी कवड्या, दुसरा मण्यार, जो चावलेलाही कळत नाही. मी कायम नापास. "कवड्याचं पट्टं मानेपाशी ठळक, शेपटीकडं पुसट. मण्यारचं उलटं. डोक्याकडून बघतोय तो फसतोय. शेपटीकडून वाचा." ते स्वतः वर्तमानपत्रही शेवटच्या पानापासून वाचत. तिसऱ्या आठवड्यापासून मी बसमध्ये चढताच झोपेचे सोंग घेऊ लागलो.

एका रविवारी दुपारी आमच्या चपलांच्या कपाटात काळे वेटोळे दिसले. वॉचमन म्हणाला, "कवड्या आहे साहेब, काही करत नाही. टाका उचलून." सात वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होती. बापाला शौर्य दाखवायची अशी संधी रोज मिळत नाही. मी हातातली केराची सुपली बाजूला ठेवून हातच पुढे केला. आणि सवय म्हणा, वैताग म्हणा, नजर आधी शेपटीकडे गेली. पट्टे तिथेच लख्ख होते, दोन-दोनच्या जोडीने. मानेपाशी नुसता काळा. मी हात मागे घेतला, मुलीला उचलून बाहेर आलो, दार ओढले आणि फोन लावला.

त्यांनी मण्यार बरणीत घेतला आणि विचारले, "कशावरून वळखला?" मी सांगितले. त्यांनी बरणीचे झाकण घट्ट फिरवले. मग म्हणाले, "पास."

आभार मानायला घरी गेलो, तर बिस्किटे पुढे करत म्हणाले, "डावं घ्या, राव. ते चांगलं हाय."

आता ते निवृत्त झालेत. मुलगी रोज शाळेत जाताना बूट झटकते, तेव्हा बसमधली ती शेजारची जागा आठवते, आणि सोंग घेऊन घालवलेल्या सगळ्या सकाळी परत मागून घ्याव्याशा वाटतात.