कुलपातला लाल ड्रम

गरम झालेल्या चिकटपट्टीचा वास आला की काल्हेरचं ते गोडाऊन आठवतं आणि माझं डोकं आजही फिरतं. मे महिना होता, वरचे पत्रे तापले होते आणि पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. आम्ही बाया खोकी भरत होतो आणि सुपरवायझर पंख्याखाली बसून मोबाइलवरची यादी मोठ्याने वाचत होता, कुठल्या देशाकडे परदेशी चलनाचा किती साठा आहे त्याची. चीन पहिला, जपान दुसरा, आणि आपणही पहिल्या पाचांत! "साठा असला ना, की कसलंही संकट येऊ दे, भ्यायचं काम न्हाय," तो आम्हाला शिकवत होता. तेवढ्यात माझ्या शेजारची, पाड्यावरून येणारी मावशी खोक्यांवरच कोसळली. कोपऱ्यात आग विझवायच्या पाण्याचा लाल ड्रम होता, त्याच्या झाकणाला कुलूप. मी ओरडले, "साहेब, चावी द्या, तिच्या तोंडावर पाणी मारते!" तो जागचा हलला नाही. "ते राखीव हाय. उद्या तपासणीवाले येतील, ड्रम भरलेला दिसला पायजे." बाई मरायला टेकलीय आणि याला तपासणीची पडलीय! मी खिळे उपटायची पहार उचलली आणि कुलूप फोडलं. पाणी काठोकाठ होतं, पण हिरवंगार, अळ्या वळवळणारं. तेच तिच्या डोक्यावर ओतलं. ती डोळे उघडून बसली, आणि दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं. आज सकाळी मुलीने मोबाइल पुढे धरला, "आई, बघ ना, साठ्यात आपला देश किती वर आहे!" मी एवढंच विचारलं, "चावी कोणाकडे आहे?"