आठव्या माळेला येणारी देवी

रविवारी दुपारी धाकटी बहीण डोंबिवलीहून माझ्याकडे वर्तकनगरला येते आणि आम्ही दोघी हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघतो. जुन्या काळातल्या, राजवाड्यांच्या, भुताखेतांच्या. परवाच्या भागात एका दासीच्या अंगात मेलेली राणी आली. केस सुटलेले, आवाज बदललेला. कालपर्यंत तिला लाथाडणारे सरदार तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"ताई, आपल्या आईसारखंच की गं," बहीण शेंगा सोलता सोलता म्हणाली. मला पुढचं काही दिसेना.

ऐंशीच्या दशकात आम्ही विठ्ठलवाडीला बैठ्या चाळीत राहायचो. वडील, आमचे अण्णा, कारखान्यात फिटर होते. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. नवरात्रात घरी घट बसत आणि आठव्या माळेला, आरती रंगात आली की आईच्या अंगात गावची देवी येई. आई केस सोडून घुमू लागे. चाळीतल्या बायका कुंकू लावून, ओटी भरून प्रश्न विचारत. अण्णाही हात जोडून समोर बसत. एरवी "ए, ऐकलं का" म्हणून हाक मारणारे अण्णा तेवढा वेळ तिला "आई" म्हणत.

मी दहावीत होते. परीक्षा झाली की शिक्षण बंद, असं अण्णांनी सांगून टाकलं होतं. त्या वर्षी देवी आली ती थेट अण्णांकडे वळली.

"थोरलीला शिकव. ती म्हणेल तिथपर्यंत शिकव. माझी पोर आहे ती."

"चुकलं, आई. शिकवतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ते तिच्यावर ओरडले, आणि आई मान खाली घालून उभी राहिली. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी कल्याणला कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. ते ऋण कुणाचं, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात अंधश्रद्धेवर एक व्याख्यान झालं. अंगात आलेल्याला मुठीत काय आहे ते विचारा, सांगता येणार नाही, असं वक्ते म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं. नवरात्र आलं. आठव्या माळेला आई घुमू लागली तशी मी खडूचा तुकडा मुठीत धरून पुढे झाले.

"देवी असशील तर सांग, माझ्या मुठीत काय आहे?"

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं!" शेजारच्या मावशी ओरडल्या. "कॉलेजात गेली नि बाईसाहेब देवीचीच परीक्षा घ्यायला लागल्या!"

आईचं घुमणं थांबलं. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नेहमीच्या, स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाली, "मला काय ठाऊक, बाळा." मग केस बांधले, आणि बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागली.

अण्णांनी जोडलेले हात सोडले. "म्हणजे इतकी वर्षं नाटक चाललं होतं तर," एवढंच ते बोलले. मी खूश होते. मैत्रिणींना सगळं रंगवून सांगितलं.

पुढच्या वर्षी धाकटी दहावी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. अण्णांनी मात्र डोंबिवलीचं एक स्थळ पक्कं केलं, मार्गशीर्षात लग्न. मी खूप भांडले.

"अण्णा, ती सोळाची आहे. अठरा तरी पूर्ण होऊ द्या. बेकायदा आहे हे."

"तुला शिकवलं ना? मग झालं. बापाशी वाद घालायला शिकवतात वाटतं कॉलेजात!"

मी दोन दिवस जेवले नाही. कुणाला काही फरक पडला नाही. घट बसले तशी धाकटी आईच्या मांडीला खेटून बसली.

"आई, यंदा येऊ दे ना गं देवी."

आई झेंडूची माळ ओवत होती. तिने पुढचं फूल सुईत ओवलं.

आठव्या माळेला आम्ही घरचेच होतो; बायकांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं. आरती संपत आली तशी आईने अंबाड्याची पिन काढली. केस खांद्यावर पसरले. ती पुढे-मागे डोलू लागली, आधी हळू, मग जोरात. तिचा श्वास वाढला. धाकटीने हात जोडले. मीही जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून जोडले.

"धाकटीला..." आईच्या घशातून तो जाडा आवाज आला.

अण्णा भिंतीला टेकून पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"चहा टाक," ते म्हणाले.

आई डोलायची थांबली. तिच्या कपाळावर घाम होता, छाती वरखाली होत होती. ती देवी होती की लेकीसाठी आईने केलेला तो आटापिटा होता, मला सांगता येत नाही. त्याआधीच्या वर्षांबद्दलही आता मला काही सांगता येत नाही.

आई जमिनीला हात टेकून उठू लागली. तेवढ्यात धाकटीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः स्टोव्हपाशी गेली. पंप मारून तिने स्टोव्ह पेटवला, पाण्यात साखर टाकली, आलं ठेचलं. चहा गाळून पहिला कप अण्णांना दिला, दुसरा आईला. तिसरा माझ्यासमोर ठेवला.

"घे ताई, गार होईल," ती म्हणाली.

मी घेतला.